चारशे एक क्वेरी

साक्षी दुर्गे लाकूड डेपोतल्या मजुराची पोर. बाप सोमाजीनं तीस वर्षं सागवानाच्या थप्प्या लावल्या. साक्षी इंजिनिअर झाली आणि चंद्रपुरातल्याच एका लहान कंपनीत प्रोग्राम लिहू लागली.

२००४ साली कंपनीला डेपोचं पाच वर्षांचं काम मिळालं. प्रत्येक लाकडाचा नंबर, लांबी, गोलाई डेटाबेसमध्ये ठेवायची. डेटाबेसशी बोलणारा कोड हातानं लिहायचा की तयार फ्रेमवर्क, म्हणजे ते काम करणारा आयता सांगाडा, घ्यायचं, हे साक्षीनं ठरवायचं होतं. निवड चुकली तर सगळं पुन्हा लिहा. कंपनीचे साहेब सुरेंद्र यांनी मात्र एक नावाजलेलं फ्रेमवर्क मनात पक्कं केलं होतं.

"सगळे तेच वापरून राह्यले. तू फक्त सही कर."

"सर, आधी लावून पाहते."

तिनं नोंदवहीतून चारशे लाकडांची एक थप्पी स्वतः टाइप केली. एकच स्क्रीन दोनदा लिहिली, एकदा हातानं, एकदा फ्रेमवर्क घेऊन. नऊ दिवस लागले. फ्रेमवर्कमध्ये कोड निम्माच लागला, पण हाताच्या कोडमध्ये लगेच उघडणारी थप्पी इथे स्क्रीनवर उघडता उघडेना. डेटाबेसला जाणारी एकेक क्वेरी, म्हणजे एकेक विचारणा, तिनं छापून मोजली. चारशे एक! थप्पीची एक, मग दर लाकडाची वेगळी.

जेवताना तिनं हे बापाला सांगितलं.

"एका लाकडासाठी एक चक्कर? मुकादमानं हाकललंच असतं त्याले!" सोमाजी हसले. मग म्हणाले, "पण तू त्याले सांगतलं होतं का, सगळे एकदम आण म्हून?"

साक्षीचा हात ताटातच थांबला. सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस तिनं फ्रेमवर्कचं जाडजूड माहितीपुस्तक पानोपान वाचलं. एक ओळ बदलली. पुन्हा मोजलं. क्वेरी एकच, आणि थप्पी झटक्यात उघडली.

"मग मी काय म्हणत होतो?" सुरेंद्र म्हणाले.

"तुम्ही नाव सांगतलं होतं, सर. ते कसं राबवायचं, ते इथी आहे."

तिनं दोन पानं पुढे ठेवली. कोणत्या स्क्रीननं काय एकदम आणायचं, आणि क्वेरी मोजल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. सुरेंद्रनी दोन्ही पानं वाचली, पुन्हा वाचली, आणि खाली आधी तिची सही घेतली, मग स्वतःची केली.

२००९ साली काम पुरं झालं. तोवर लाकडांच्या नोंदी लाखावर गेल्या होत्या. एकही स्क्रीन पुन्हा लिहावी लागली नाही.