टाचेनं दाबलेल्या बिया

खर्डीच्या आमच्या नर्सरीच्या कुंपणाशी एक बाई रोज जांभळांची टोपली घेऊन बसायची. गिऱ्हाइकं तिथंच उभ्यानं खायची आणि बिया थुंकायची. मग ती उठून एकेक बी टाचेनं ओल्या मातीत दाबायची. मला वाटायचं, बाईला स्वच्छतेची भारी हौस.

मी लातूरकडचा, सातवीत शाळा सोडलेला. मुंबईत खाडीकाठी होणाऱ्या बागेसाठी जांभळाची रोपं करायचं काम मालकांनी विश्वासानं माझ्यावर टाकलं होतं. आमच्याकडं बियाणं वाळवूनच ठेवतात, म्हणून मी जांभळाच्या बियाही आठ दिवस उन्हात खडखडीत वाळवल्या आणि मग पिशव्यांत लावल्या. महिना होत आला तरी एकही उगवली नाही. आता काम गेलंच, असं धरून मी कुंपणाशी जाऊन बसलो आणि तिला सगळं सांगितलं.

"वाळवल्यास?" ती हसली. "ज्वारी हाय का रे ती? जांभळाची बी वाळली का मेली."

तिनं पायानं गवत बाजूला सारलं. खाली जांभळाची कोवळी रोपं दाटीनं उभी होती.

"ने सगळी. दोन ठेव तेवढी. मला बसायला सावली नको?"

रोपं मुंबईला गेली, माझं काम टिकलं. हंगाम संपल्यावर ती यायची थांबली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

कुंपणाशी ठेवलेली दोन रोपं आता गुडघ्याला लागतात. परवा मालक म्हणाले, तीही पिशवीत भर. मी पहिल्यांदाच त्यांना नाही म्हणालो.