आत्याच्या घोंगडीला खळ लावायला

"पैशाचं मागनं बघू. खळ लावायच्या दिवशी तुमी सोता यायचं. जिची घोंगडी, तिचा हात ताण्याला लागाय पायजे. आमच्या घरची रीत हाय ती."

फोनवर आप्पांनी एवढं सांगितलं आणि माझा प्रवास ठरला.

आप्पा सणगर आहेत, म्हणजे परंपरेने घोंगडी विणणारे. गाव निपाणीपलीकडे, बोरगावच्या वाटेवर. घोंगडी हवी होती माझ्या आत्याला. आत्या आमच्याच घरी असते. शाळेत जाण्याआधी मी तिच्याजवळ बाराखडी आणि सुईवरचे सुलट-उलट टाके एकदमच शिकले. तिच्या जुन्या घोंगडीला कसर लागली. मग मी बाजारातून एक नवी आणली, ती तिनं परत करायला लावली. दुसरीही तशीच. दोन्ही वेळा तिनं कडेचा एक धागा काढून काडीनं पेटवला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. या धाग्यांची वितळून गोळी झाली. (घोंगडी घेणाऱ्यांनी ही परीक्षा जरूर करावी, दुकानदाराला विचारून.) गुडघे दुखत होते, थंडी वाढत होती, आणि आत्या सुती चादरीवर हट्टानं कुडकुडत होती. आता तिसरी तरी तिच्या पसंतीला उतरायलाच हवी होती.

निघताना ती म्हणाली, "अख्खा बाजार मोबाईलवर मागवतीस, आणि हात लावाय निपाणीला जातीस व्हय गं?"

"तुझ्यासाठीच चाललेय."

"मग नीट लाव."

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. गल्लीगल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात आमची सकाळ होते. तिथल्या साड्या दूरदूर जातात. त्या आवाजातून रिक्षानं मध्यवर्ती स्थानक गाठलं. निपाणीला बस सतत असतात. आधार कार्ड कर्नाटकाचं असेल तर साध्या बसला बायकांना तिकीट पडत नाही. मी तरीही कार्ड तीन वेळा पर्समध्ये चाचपून पाहिलं. महामार्ग गुळगुळीत आहे, संकेश्वरला चहापुरता थांबा मिळाला, आणि दोन तासांच्या आत निपाणी. स्टँडवर उतरल्या उतरल्या तंबाखूचा वास नाकात शिरतो. पुढं वडाप, म्हणजे माणसं भरेपर्यंत न हलणारी जीप. पुढच्या सीटवर बसायला मिळालं तर बसा, मागे गुडघे कुठं ठेवायचे हा प्रश्न पडतो.

गल्लीत शिरताच ताणा दिसला. ताणा म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे. काळ्या लोकरीचे ते धागे दोन टोकांच्या खुंट्यांना बांधून गल्लीच्या मधोमध लांबवर ताणले होते. आप्पांच्या बायकोनं, आक्कांनी, माझ्यापुढे पातेलं ठेवलं. आत चिंचोक्याची खळ होती. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. ही खळ पिऊन धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही.

"हात बुडव, आन् ह्या टोकापास्नं त्या टोकाला ने," आक्का म्हणाल्या.

मी आधी हात धुतले. मग पुन्हा धुतले. "लगीन लागतंय व्हय तुझं?" आक्का हसल्या. खळ कोमट होती. हात फिरवला तशी लोकर तळव्याखाली आधी चावली आणि मग निवली. मग आप्पा आणि आक्का खळ सारखी पसरायचा मोठा कुंचा दोघांत धरून ताण्याच्या दोन्ही बाजूंनी चालू लागले.

खळीचा दुसरा हात चालू असताना उसाचा ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी आला. मागं दोन ट्रॉल्या, त्यामुळं मागं घेणं अशक्य. चालवणारा बाळू गावातलाच.

"ओ आप्पा, गल्ली काय तुमच्या नावावर हाय?"

"तुझ्या बानं बी ताणा वाळस्तवर हितंच बसून बिडी वडलीया."

"कारखान्यात माझा नंबर जातोय की! एक खुंटी काढा, भिंतीला लावा, मी चाललो."

आप्पा कुंचा न थांबवता म्हणाले, "मालकीण हाय हितं. तिला इचार."

बँकेच्या रांगेत मागच्याला पुढं जाऊ देणारी मी. पण आप्पांनी मघाशीच सांगितलं होतं की ओला ताणा सैल सोडला की धागे एकमेकांना चिकटतात, आणि मग सगळा बाद. हिवाळ्याआधी कातरलेली ती लोकर पुन्हा पुढच्या कातरणीलाच मिळणार होती. म्हणजे आत्याची यंदाची थंडी चादरीवरच गेली असती.

"थांबा," मी म्हणाले. "वाळेपर्यंत खुंटी निघणार नाही."

आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. बाळूनं माझ्याकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "बेळगावची दिसतीया," असं पुटपुटत त्यानं ट्रॉलीतून एक लांबलचक ऊस ओढला आणि समेट करायला माझ्याकडं आला. उसाला वाळलेला पाला तसाच होता. त्याची करवती कड ताण्याच्या काठावरून फिरली आणि धागे तटातट तुटले.

"आईशप्पत, बघितलंच न्हाय!" बाळू ऊस उराशी धरून उभा.

खळ सुकायच्या आत जोडायला हवं होतं, आणि आप्पा-आक्का एव्हाना पार दुसऱ्या टोकाला पोचले होते. कुंचा मध्येच थांबवता येत नव्हता. आक्का तिकडूनच ओरडल्या, "गाठ मारू नको गं! मागाच्या फणीत अडकतीया!"

मी गाठ मारणारच नव्हते. गाठ दिसली की आत्या अख्खा स्वेटर उसवायला लावायची. मी तुटलेल्या टोकांचा पीळ सोडला, तंतू मोकळे केले, एकमेकांत घुसवले आणि खळीचं बोट लावून तळव्यांत वळले. सात धागे होते. बाळू न सांगता माझ्यासाठी टोकं धरून उभा राहिला. कुंचा घेऊन आप्पा जवळ आले, त्यांनी एक जोड ओढून पाहिला आणि तसेच पुढं गेले.

ऊन कडक होतं. ताणा वाळेपर्यंत आक्कांनी सगळ्यांना जेवायला घातलं: ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, खरडा आणि घट्ट दही. बाळूही जेवला. खुंटी निघाली तेव्हा त्यानं हॉर्न वाजवून माझा निरोप घेतला. संध्याकाळच्या बसनं मी परतले. हाताला खळीचा आंबूस वास होता.

(आप्पांचं नाव-गाव मुद्दाम पूर्ण देत नाही. ते दोघंच विणतात, गर्दी नको म्हणाले. हवी असेल तर मला लिहा, मी त्यांना विचारून कळवते. किंमत बाजारातल्या घोंगडीच्या दुप्पट धरा आणि घासाघीस करू नका.)

दोन आठवड्यांनी घोंगडी आली. आत्यानं आधी काडी पेटवली. घरभर केस जळल्याचा वास पसरला. दुसरा धागा तिनं काढला नाही; घोंगडी ओढून गुडघ्यांवर घेतली.

"हिच्यात माझे सात जोड आहेत," मी म्हणाले. "शोध."

आयुष्यभर माझी प्रत्येक चूक हातानं चाचपून शोधणारी ती. आता रोज चहा झाला की चष्मा बाजूला ठेवून घोंगडीवर बोटं फिरवते. "हा तुझा?" "नाही, तो आप्पांचा." "आन् हा?" "हा माझा." पाच सापडलेत. उरलेल्या दोन जोडांसाठी ती मला लाडीगोडी लावते, पण मी सांगत नाही.

खरं म्हणजे ते दोन कुठं आहेत, हे मलाही सापडलेलं नाही.