मधल्या नावासाठी घातलेलं पत्र

पाळणा भाड्याने, तीस रुपये. घुगऱ्यांचे हरभरे दोन किलो, चव्वेचाळीस. खोबरं आणि गूळ मिळून अठ्ठावीस. दुपट्याचं कापड माझ्या जुन्या इरकलीचं, म्हणजे फुकट. आंतर्देशीय पत्र एक, दोन रुपये.

परवा जुन्या वह्या चाळताना दोन हजार सालातलं हे पान सापडलं. बाकी सगळं त्या दिवशी कामाला आलं. ते दोन रुपयांचं पत्र मात्र अजून मनातून जात नाही...

आमची सुलभा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला शाहूपुरीत माझ्याकडे आली होती. आमचे जावई महादेवराव गगनबावड्याचे. सुलभाला सातवा लागला आणि हे "गोव्यात काम बघतो" म्हणून गेले ते गेलेच. मुलगी झाली तरी ना माणूस, ना निरोप.

बारसं बाराव्या दिवशी करायचं ते मी सव्वा महिन्यावर ढकललं. जन्मात पहिल्यांदा रीत मोडली. पोरीचं नाव गौरी, हे ठरलं होतं. घोडं अडलं होतं मधल्या नावावर.

जन्माच्या दाखल्यासाठी पूर्ण नाव द्यायचं होतं. बापाचा रकाना वेगळा, तो खरा तसाच भरणार होतो. पण पोर जन्मभर नाव लावणार ते कुणाचं?

सुलभा म्हणाली, "माझं लाव." मी नकोच म्हटलं. मला वाटायचं, महादेवरावांचं नाव राहिलं तर त्यांना परत यायला दार उघडं राहील. आपणच काढलं, तर आपणच आतून कडी घातली असं होईल...

दारात उभी राहून मी एकटीच म्हणून बघायची. गौरी महादेव... कसं पूजेतल्यासारखं वाटायचं! एकदा सुलभाच्या कानावर गेलं.

"आई, तो महादेव गौरीला टाकून गोव्याला गेला न्हवता," एवढं बोलली आणि पोरीला घेऊन आत गेली.

तरी मी गगनबावड्याच्या पत्त्यावर पत्र घातलं. चि. महादेवराव यांस अनेक आशीर्वाद. मुलीला आपले नाव लावावे अशी आमची इच्छा. बारशाला यावे, न जमल्यास आपला विचार उलट टपाली कळवावा.

मग रोज पोस्टमनची वाट. सायकल दिसली की मी उंबऱ्यात. शेवटी तो लांबूनच हात हलवायला लागला... "न्हाई हो काकू!"

बारशाचा दिवस उजाडला. बायका जमल्या, पाळणा सजला. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि सासरचं चिटपाखरू आलं नव्हतं. मी आपली दाराकडे बघत...

शेजारच्या आक्का तोंडाच्या फटकळ. "अगं, घुगऱ्या गार झाल्या. पोरीला पाळण्यात घालायची का रस्त्याकडं डोळं लावूनच बसायचं?"

चारच्या सुमारास महादेवरावांची धाकटी बहीण कमळ आली. एकटीच, वहाणा चिखलानं भरलेल्या, हातात जड पिशवी.

"घरात सांगून आलीस का गं?"

"न्हाय मावशी. दळण आणाय जातो म्हणून निघालो."

पिशवीत वर खरंच नाचणी होती. नाचणीखाली तिनं शिवलेली कुंची. आणि कुंचीच्या घडीत माझं पत्र... फोडलेलं.

"दादा आलता घरी. आठ दिस हुता," कमळ म्हणाली. "पत्र मीच वाचून दाखवलं. ऐकलं, घडी घातली आनि फळीवर ठेवलं. मग गेला परत. व्हय म्हणाला न्हाय, न्हाय म्हणाला न्हाय."

मी पत्र घेऊन पाळण्याशेजारी बसले. इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते, पत्र गहाळ झालं असेल, पत्ता चुकला असेल. अंबाबाईपुढेही हेच सांगत होते... पत्र पोचलं होतं. दार उघडं होतं ते त्यांना माहीत होतं.

तरी माझा हट्ट सुटेना. "पण कमळे, बापाचं नाव असावं गं पोरीला..."

"मावशी, रोज देवापुढं देवकीनंदन म्हणताय न्हवं? तवा वसुदेवाचं नाव ऱ्हायलं म्हणून कवा रुकरुक लागली व्हय तुमास्नी? आनि आत्या मी हाय. मान माझा हाय. पर आजीनं तोंडानं म्हटल्याबिगर मी पोरीच्या कानाला लागणार न्हाय."

बायका हसल्या. सुलभा हसली नाही.

पोरीसाठी अडून बसलेली मी, पण या सगळ्यात पोरीच्या आईला काय वाटत असेल, हे एकदाही विचारलं नव्हतं. मी उठले, पाळण्याची दोरी सुलभाच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं... "गौरी सुलभा."

कमळ कानात कुर्र करायला वाकली आणि रीतीप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के पडले. सगळ्यांत जोराचा माझा होता, असं ती अजून सांगते. जाताना आमच्या गल्लीतल्या गिरणीत नाचणी दळून घेतली आणि सहाच्या एसटीनं गेली.

महादेवराव पुढं कधी आले नाहीत. त्या नावावर गौरी शाळा शिकली, कॉलेज शिकली, बोहल्यावर चढली. कुठं काही अडलं नाही. आईची कृपा.

आता गौरीला मुलगी झालीय. येत्या रविवारी बारसं, नाव मीरा. परवा नातजावयाचा फोन आला, "आजी, मधलं नाव माझं लावायचं का गौरीचं? तुम्ही म्हणाल तसं." नुसतं विचारलं, एवढ्यानंच डोळे भरून आले...

मी दोन्ही नावं दारात उभी राहून म्हणून बघितली. यंदा दोन्ही गोड लागतायत, म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या घरात कुणाचं नाव लावता? त्या माझ्या पत्राला उत्तर काही आलं नाही... तुम्ही तरी रविवारच्या आत उलट टपाली कळवा.