आडवा न आलेला रोही

विमान तुरीत उभं होतं. उभं म्हणजे नाक मातीत खुपसून आणि शेपटी वर करून. मी नागपूरहून गाडीने पोहोचलो तोवर निम्मं गाव जमलं होतं. दोघे तर पंखावर बसून फोटो काढून घेत होते. त्यांना खाली उतरवणं हे माझं पहिलं काम.

मी तेव्हा एका लहान चार्टर कंपनीचा सेफ्टी विभाग सांभाळायचो. चार्टर म्हणजे भाड्याचं विमान. आपल्या काळी-पिवळीसारखंच, फक्त सीट चामड्याची. आमचं हे छोटं जेट यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मिलवाल्याच्या खाजगी धावपट्टीवर उतरायला गेलं आणि पट्टी संपली तरी थांबलं नाही. मी मूळचा पुसदचा, म्हणून मालक म्हणाले, "तुमचाच एरिया आहे, बघून घ्या." बघून घ्या म्हणजे काय, ते नंतर कळलं.

कॅप्टन बाभळीखाली पाणी पीत होते. अंगावर ओरखडा नाही. म्हणाले, नीलगाय आडवी आली, तिला वाचवताना विमान बाहेर गेलं. नीलगाय म्हणजे आमच्याकडचा रोही. रोही इथे खूप, त्यामुळे सबब झकास होती. मी विचारलं, दिसायला कसा होता? कॅप्टननी दोन्ही हात पसरून दाखवले. मोठा, आणि शिंगांना अशा फांद्या फुटलेल्या. रोह्याचं शिंग असतं वीतभर आणि सरळ. फांद्यांचं शिंग साहेबांनी कार्टूनमध्ये पाहिलं असावं. मी मान डोलावली आणि पुसदला दवाखान्यात गेलो.

तिथे को-पायलट अश्विनी होती. दिग्रसची पोरगी, पहिलीच नोकरी. खांद्याचं हाड मोडलेलं. तिने सांगितलं ते असं. विमानात जिल्ह्यातले एक पुढारी होते, त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू. पुसदला लग्न होतं. भाऊसाहेबांचा विरोधक रस्त्याने निघाला होता, आणि अक्षदा पडायच्या आत त्याच्या आधी मांडवात शिरणं हा इज्जतीचा प्रश्न झाला होता. त्यात विमानतळावर उशिरा आले तेही भाऊसाहेबच. मग कॅप्टननी तो उशीर आभाळात भरून काढायचं ठरवलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. उतरताना ठरावीक उंचीवर येईपर्यंत सगळं जागच्या जागी बसलेलं लागतं. वेग बेताचा, उतार बेताचा, चाकं खाली. नसेल तर त्याला अनस्टेबल अप्रोच म्हणतात. त्यावर औषध एकच, गो-अराउंड. म्हणजे उतरणं सोडायचं, वर जायचं आणि चक्कर मारून पुन्हा नीट यायचं. यात लाज कसलीच नाही, पण काही कॅप्टन लोकांना वाटते. आमचं विमान उंचही होतं आणि सुसाटही. अश्विनी दोनदा स्पष्ट म्हणाली, "सर, गो-अराउंड." कॅप्टन विमान खालीच नेत राहिले. लहान जेटमध्ये कॉकपिटला नुसता पडदा असतो. तो सारून भाऊसाहेब कॅप्टनच्या मागे येऊन उभे. चाकं टेकली तेव्हा निम्मी पट्टी मागे पडली होती. रोही? रोही तिने पाहिलाच नव्हता.

आता गंमत बघा. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारा रेकॉर्डर मुका निघाला. तो दुरुस्त करा म्हणून मी मालकांच्या किती मागे लागलो होतो! वेगाचे आकडे मिळणार होते, पण कोण काय बोललं ते मिळणार नव्हतं. संध्याकाळी मालकांचा फोन आला. अश्विनीने रोही पाहिला असं लिहून दिलं तर विषय संपला. नाही दिलं तर तिने कॅप्टनला सावधच केलं नाही, असा रिपोर्ट जाईल.

"को-पायलट कितीही मिळतात," मालक म्हणाले. "जरा व्यवहार बघा."

मी तो व्यवहार तिच्या कानावर घातला.

"काका, खोटं लिहिलं तर उडता येईन. खरं लिहिलं त घरी बसा लागीन. असंच न?"

तोवर ती मला सर म्हणायची. मालकांचा इतका संताप आला होता की बोललो असतो तर दवाखान्यातून हाकलून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब टीव्हीवर आले. रोह्याने आपलं विमान पाडलं, हे बहुतेक त्यांच्या पदाला शोभेना. त्यांनी सांगितलं, वाघ होता. झालं! वनखात्याच्या गाड्यांची रांग लागली. पावलांचे ठसे शोधत माणसं तुरीत वाकून फिरू लागली. शेताचे मालक देवरावभाऊ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून हे सगळं बघत होते.

"आमची तूर रोही रोजच खाऊन राह्यले," ते मला म्हणाले. "अर्ज करून करून थकलो, कोणी आलं नाही. अन् हा न आलेला वाघ पाहाले पाहा किती साहेब आले! साहेब, तुमचं इमान अजून एकडाव पाडता येईन काय?"

वाघाचा ठसा सापडला नाही. पट्टीवर रोह्याचाही नाही. वनखात्याने तसं लेखी दिलं. कॅप्टनचा रोही मेला तो भाऊसाहेबांच्या वाघामुळे. पण अश्विनी काय बोलली, हा प्रश्न राहिलाच होता. तोही भाऊसाहेबांनीच सोडवला.

जीव वाचला म्हणून कार्यकर्त्यांनी पुसदला त्यांचा सत्कार ठेवला. हार, फटाके, मोबाइल वर धरलेली गर्दी. मी मागच्या खुर्चीवर होतो. भाऊसाहेब रंगात आले.

"ते पोरगी भेली ना बाप्पा! गो-अराउंड, गो-अराउंड करून राह्यलती. म्या कॅप्टनले म्हटलं, पोरीचं काय आयकता, पट्टी दिसून राह्यली न, घाला खाली!"

मांडव खो-खो हसला. मीही हसलो, माझं कारण वेगळं होतं. घरी जाईपर्यंत तो व्हिडिओ माझ्या फोनवर सहा ग्रुपमधून आला. मी तो सरकारी चौकशीवाल्यांना पाठवला. भाऊसाहेबांनी तो नाकारला नाही, कारण टाळ्या फार पडल्या होत्या.

कॅप्टनचं लायसन्स गेलं. मालकांनी अश्विनीचा फोटो वेबसाइटवर लावला आणि आम्ही कायम महिला पायलटांच्या पाठीशी उभे असतो, असं खाली लिहिलं. ते वाचून मी राजीनामा दिला.

अश्विनी पुढे दुसऱ्या कंपनीत कॅप्टन झाली. मागच्या लग्नसराईत भाऊसाहेब तिच्याच विमानात बसले. त्याच पट्टीवर उतरताना मागून वारा आला, वेग वाढला आणि तिने विमान सरळ वर घेतलं. भाऊसाहेब पडदा सारून पुढे आले.

"बसा साहेब," ती म्हणाली, "गोल फिरून येऊ."

भाऊसाहेब बसले. पट्टाही त्यांनी स्वतःच बांधला. मांडवात पोहोचले तेव्हा अक्षदा पडून गेल्या होत्या, पण पंगत नुकतीच बसत होती. उशिरा गेलेल्या माणसालाही जेवायला मिळतं, एवढंच मला इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांना सांगायचं होतं.