लाइट गेली का बाबा झोपतात

गाववाल्यांनो, आज दुपारी सौंसरले इन्व्हर्टर-बॅटरी घ्याले गेलो होतो, अन् रिकाम्या हातानं परत आलो. डोकं अजून ठिकाणावर नाही.

इकडे मोहगावात लाइट रोजच जाऊन राहिली. म्हणून सकाळी घरच्या पाच जणांनी बसून यादी केली. दोन पंखे, चार बल्ब, टीव्ही, वायफाय. दुकानदारानं ती वाचली अन् म्हणाला, "लहान बॅटरीत भागते भाऊ." मी खुश.

मग त्यानं सहज विचारलं, "घरी कोणाची दवाखान्याची मशीन तर नाही ना?"

बाबाची ऑक्सिजनची मशीन! वर्षभरापासून त्यांच्या खाटेपाशी आहे, अन् यादी करताना कोणालेच आठवली नाही.

मशीनवरचा वॅटचा आकडा विचाराले घरी फोन लावला. बाबानंच उचलला.

"माह्या मशीनचं नोको धरू रे. उगाच मोठी बॅटरी लागन. लाइट गेली का मी डोळे मिटून पडून राहतो. बोललो नाही, हाललो नाही, तर दम कमी लागते."

आम्ही वर्षभर समजून राहिलो होतो, का लाइट गेली का बाबाले झोप लागते. त्यांची झोप मोडू नये म्हणून मीच त्यांच्या खोलीचं दार ओढून घेत होतो.

मोठी बॅटरी सांगून आलो, ती सोमवारी येणार आहे. तवरोक दार उघडं आहे, अन् मी खाटेपाशी बसून आहो.

लाइट गेल्यावर तुमच्या घरी कोण झोपते? खरंच झोपते का?