जामाची कोणती फांदी ठेवायची

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं जामाच्या झाडापाशी भांडत होतो. जाम म्हणजे पेरू. आमच्या अनसिंग गावाकडे जामच म्हणतात. झाड तीन वर्षांचं. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याला दोन सारख्या फांद्या फुटलेल्या, एक स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, दुसरी शेजारच्या सलीमभाईच्या भिंतीकडे. दोन्ही ठेवल्या तर पुढं फळाच्या भारानं, मिरगाच्या वाऱ्यात, झाड मधोमध फाटतं. म्हणून एक कापायची होती. माझी बायको गया आठ दिवसांपासून चिंधी बांधून खूण करत होती. आज या फांदीला, उद्या त्या फांदीला. त्या संध्याकाळी तिनं चिंधी सोडली, कमरेला खोचली आणि म्हणाली, "अवो, तुमीच सांगा. कोनती ठेवाची?"

झाडाबद्दल तिनं मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"कोनतीई काप. मले काय?"

"पाहा बरं! जलमभर माह्या झाडाईमांगं कात्री घेऊन फिरले, अन् आता इचारलं तं मले काय!"

"सकाळी सांगतो," मी म्हणालो. टीव्हीवर बातम्या लागायच्या होत्या.

सकाळी ती उठलीच नाही.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत. पन्नास वर्षं लोकांच्या भिंती सरळ केल्या, त्यामुळं वाकडं दिसलं की हात शिवशिवतो. म्हातारपणी काम सुटलं, हात कुठं सुटतात? मागच्या वाडीत गयाची पाच-सहा झाडं होती. मी कात्री उचलली की घरात कुठंही असली तरी तिला कळायचं. "ठेवा ते खाली! हे भिंत नोय, ओळंबा लावाले."

तिची रीत अशी. कापायची फांदी आधी चिंधीनं बांधायची. मग चार दिवस काही करायचं नाही. सकाळी बघायची, दुपारी बघायची, भांडी घासता घासता बघायची. चौथ्या दिवशी कापायची, नाहीतर चिंधी सोडायची. चिंध्या सलीमभाईच्या शिलाई मशीनखालच्या. तो भिंतीवरून गाठोडं द्यायचा आणि म्हणायचा, "भाभी, झाडं लई झाली, आता त्यांचे कुर्तेच शिवून देतो." ती म्हणायची, "शिवा ना, पन ढिले शिवा. वाढतं अंग हाय."

मला त्या चार दिवसांची चीड यायची. कापायचं तर काप, नाहीतर सोड. मी म्हणायचो, "एका फांदीसाठी पंचायत बसवतं का?" ती म्हणायची, "कापाच्या आधी चार दिस पाहा. नाई तं कापल्यावर जलमभर पाहा लागते."

हे तिनं मला उगाच नाही ऐकवलं. एकदा ती आठ दिवस मंगरूळपीरला मुलीकडं, मंगलाकडं गेली होती. चैत्र होता. मी घरात एकटा. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. लिंबाचं झाड अस्ताव्यस्त वाटलं. खालच्या फांद्या काढल्या, मग मधल्या काढल्या, मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्या म्हणून आणखी काढल्या. छान छत्रीसारखं केलं. चार दिवसांत उघड्या खोडाची साल उन्हानं करपली, तडकली. गया आली, पिशवी दारातच टाकली, तशीच वाडीत गेली. पोतं ओलं करून खोडाला गुंडाळलं. सालीवर चुना लावला. संध्याकाळी भाकरी वाढताना बोलली, "पोराची हजामत करता करता कान कापले तुमी." झाड जगलं. पण कोणीही पाहुणा आला की ती त्याला आधी लिंबापाशी न्यायची. "हे पाहा आमच्या मिस्तरीचं काम."

तोंडाची फटकळ होती, पण झाडाशी तिचं वागणं वेगळं. जामाचं हे रोप आम्ही मंगरूळपीरहून एसटीनं आणलं. तिनं मांडीवर धरलं होतं. कंडक्टर म्हणाला, "आजी, झाडाचं तिकीट काढा लागते." ती म्हणाली, "पाच वर्साच्या आत हाय ते. माह्यं अर्धं, याचं माफ." सगळी बस हसली. कंडक्टरही हसला आणि पुढं गेला. घरी येईपर्यंत तिनं पदरानं पानांवरचा वारा अडवला होता. मला मात्र खिडकी लावू दिली नाही. म्हणे, तुमाले बिडीचा वास येते.

आंब्याच्या कलमाला दुसऱ्याच वर्षी मोहोर आला. मी गावभर सांगून आलो. घरी आलो तर बाईनं सगळा मोहोर खुडून टाकलेला. मी ओरडलो, "मी काय अजून वीस वर्सं जगतो का? आंबा कवा खाऊ?" ती म्हणाली, "पोरीचं लगन धा वर्साची असताना केलं असतं का तुमी? मंग?" मी दोन दिवस जेवताना बोललो नाही. तिला त्याचं काही नव्हतं.

ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं. सगळे मला धरून बसवत होते. बसा बाबा, बसा. मी बसायचो आणि उठायचो. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण ते झाडही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. दोन्ही फांद्या मोकळ्या. तिच्या मनात कोणती होती, ते सांगणारी चिंधीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आरी घेऊन वाडीत गेलो. मंगला मागच्या दारात आली.

"बाबा, काय करून राह्यले? सुतक हाय. झाडाले हात नोका लावू."

"तुह्या मायले सकाळी सांगतो म्हनलं होतं. एक सकाळ तं गेली."

 तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडची ठेवायची म्हणून मी भिंतीकडची फांदी धरली. आधी खालून चीर दिली, म्हणजे तुटताना साल सोलत नाही. मग वरून कापली. जखमेवर शेणमाती लावली. काप सरळ आला.

सलीमभाई भिंतीपलीकडं उभा होता. मी विचारलं, "बराबर कापली का?"

"मेरेकू क्या मालूम, भाऊ? वो तो भाभीच बताती."

मी आरी खाली ठेवली आणि झाडाकडं तोंड करून उभा राहिलो. कापल्यावर मागून तिचा आवाज यायचाच, चांगलं कापलं तरी. ऊन भिंतीवर चढलं. मंगलानं दोनदा हाक मारली. मी उभाच होतो.