दवानं भिजलेल्या खुर्च्या

दिवाळीच्या आधी अभयारण्यातल्या एका लाकडी खोलीत राहायला गेलो होतो. ओसरीवर दरीकडे तोंड करून वेताच्या दोन खुर्च्या होत्या. पाऊस सरलेला, गवत पिवळं पडू लागलेलं, आणि पहाटे दव इतकं की खुर्च्या अगदी निथळायच्या. चहा आणणाऱ्या पार्वतीबाई किटली खाली ठेवायच्या आणि फडक्यानं दोन्ही खुर्च्या पुसायच्या.

"बाई, मी एकटाच आहे," एकदा मी म्हणालो.

"असू द्या की. एकच पुसली तर दुसरीवरचं माणूस रुसून गेल्यागत वाटतं."

मी हसलो. मग चहा निवेपर्यंत दरीकडे बघत राहिलो. बायको गेल्यापासून घरातल्या तिच्या खुर्चीवर मी वाळलेले कपडे टाकतो. घड्या घालायच्या राहतात, ढीग वाढत जातो. जागा रिकामी दिसू नये, एवढंच. ती नुसती पुसून ठेवावी, हे कधी सुचलंच नाही. तेवढ्यात धुकं वर सरकलं, खालचं रान दिसू लागलं. "अगं, बघ," असं म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.

निघायच्या दिवशी बाई यायच्या आधीच उठलो. खांद्यावरच्या पंच्यानं खुर्च्या पुसल्या. आधी तिची.